तेराव्यासाठी ठेवलेले पैसे

माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या तेराव्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली होती. सासरे गेल्यावर हातात आलेल्या पैशांतून त्यांनी एक एफडी केली, मुदत संपली की दर वेळी व्याजासकट पुन्हा ठेवली, आणि घरातल्या प्रत्येकाला बजावलं, की याला हात लावायचा नाही, हे माझ्या मागचे पैसे. घराला रंग द्यायचा असो, मुलाची कॉलेजची फी असो, त्या पैशांचा विषय निघत नसे. आम्हीही काढला नाही. त्यांचे होते, त्यांनी ठेवले होते.

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत, निदान आमच्या ओळखीच्या, तेरावा ही साधी गोष्ट नाही. लग्नं हल्ली पुण्याला नाहीतर बंगलोरला होतात आणि लोक हॉलवाला वाढेल ते खाऊन परत येतात. तेरावा मात्र इथेच होतो, कारण म्हातारी माणसं इथेच राहिली आहेत. शहराच्या लष्कर भागातली जुनी मराठी घरं एकमेकांकडे तेराव्याला जातात, जेवतात आणि पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल बोलतात. कोणाकडे वरण पातळ होतं, कोणी तुपाच्या नावाखाली काय वाढलं, हे सासूबाईंना तोंडपाठ. आमच्या घराण्याकडे एके काळी दरबारच्या पूजेअर्चेचं काम होतं. सासूबाईंच्या दृष्टीने ते काम अजून चालू होतं, फक्त दरबार गेला होता.

त्यामुळे बेत सगळा ठरलेला. पंगतीला जिलबी आणि मठ्ठा. प्रत्येक घरी एक पितळी तांब्या द्यायचा. अस्थी प्रयागला न्यायच्या, त्याही स्वतंत्र गाडी करून. शय्यादानाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने ब्राह्मणाला जो बिछाना देतात त्याला, शिसवी पलंग, कापसाची गादी आणि दोन उशा. हे सगळं त्या जेवताना सांगत, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं त्या सुरात.

सासरे एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात असा समज बसला होता की मरण हे एका दिवसाचं काम असतं आणि खर्च सगळा त्याच्या नंतरचा. माणूस जिवंत आहे पण त्याला उठता येत नाही, अशा काळासाठी कोणी एक पैसा बाजूला काढलेला नव्हता.

माझं नई सडकेवर औषधांचं दुकान आहे. हा काळ मी काउंटरच्या अलीकडून रोज बघते. पहिल्या महिन्यात मुलगा स्वतः येतो, सगळ्यात महागडे डायपर मागतो आणि पैसे मोजून न बघता देतो. पुढे दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो आणि स्वस्तातले मागवतो. त्याच्याही पुढे विचारतो, सुटे मिळतील का. वाईट मुलगा नसतो तो. त्याला कोणी सांगितलेलंच नसतं की हे किती दिवस चालणार आहे, आणि सांगू शकेल असं कोणी नसतंही.

गेल्याच्या आधीच्या थंडीत सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. दवाखान्याचं बिल विम्याने दिलं. त्या घरी आल्या त्या दिवशी विम्याचं काम संपलं आणि आमचं सुरू झालं. डॉक्टर म्हणाले होते की हळूहळू चालतील. त्या चालल्या नाहीत. खुर्चीवरून पलंगावर घ्यायलासुद्धा दोन माणसं लागू लागली. डोकं मात्र पूर्वीइतकंच तल्लख, आणि जीभ पूर्वीपेक्षा जास्त.

दिवसा एक बाई ठेवली. तिचा पगार आणि औषधं यांत सासूबाईंची फॅमिली पेन्शन संपून वर आमचे पैसे जाऊ लागले. नवरा भिंडला नोकरीला, रोजचं अप-डाउन, सकाळी अंधारात जायचा आणि रात्री यायचा. संध्याकाळ आणि रात्र माझ्याकडे. रात्री दर थोड्या वेळाने कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी सकाळी उशिरा दुकान उघडू लागले, दुपारी बंद करू लागले, संध्याकाळी लवकर शटर ओढू लागले. दुकानात मदतीला एकजण आहे, पण लायसन्स माझ्या नावावर. मी नसले तर दुकान बंद. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊ लागलं. मला ते बसल्या जागेवरून दिसत होतं, अर्थात मी बसलेली असेन तेव्हा.

मग इंदूरहून नणंद आल्या. नवऱ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. आठवडाभर राहिल्या, आईचे केस धुतले, पायांना तेल लावलं, आणि एका सकाळी चहाच्या वेळी मुद्द्यावर आल्या.

"अगं, दुकान देऊन टाक ना कुणाला चालवायला. बसल्या जागी भाडं येईल."

"लायसन्स माझं आहे ताई. दिलं की ते माझं राहत नाही."

"मग बंद कर काही दिवस. आईचे आता असे किती दिवस राहिलेत?"

"ते आईंनाच विचारा. जाग्या आहेत."

आतून आवाज आला, "मी ऐकते आहे. खुबा मोडलाय, कान नाही."

ताईंनी आवाज खाली आणला. "रात्री परक्या बाईने तिचं सगळं करायचं, हे बरं दिसतं का? आपल्या घरात कधी असं झालेलं नाही."

"झालं नाही, कारण करायला सुना होत्या आणि सुनांची दुकानं नव्हती."

"तू प्रत्येक गोष्टीत दुकान आणतेस."

"प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात, म्हणून आणते."

आईला इंदूरला नेते, असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही म्हटलं नाही. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि त्यांच्या यजमानांचे गुडघे गेलेत. प्रत्येकाच्या घरात कुठेतरी जिना असतोच.

माझ्यापुरता प्रश्न अगदी सरळ होता. मी पन्नाशी ओलांडली आहे. नवऱ्याला पेन्शन मिळेल, मला मिळणार नाही. मुलगा पुण्यात, नवीन लग्न, फ्लॅटचे हप्ते. आज मी दुकान बंद केलं तर सासूबाईंची सोय होईल, पण माझ्यावर हीच वेळ येईल तेव्हा मला उठवायला माणूस कुठून आणणार? सुनेने नोकरी सोडायची? मग तिच्या वेळी कोणी? एका बाईच्या म्हातारपणावर दुसऱ्या बाईची कमाई ओवाळून टाकायची, ही पद्धत मला पुढे चालवायची नव्हती. रात्रीसाठी बाई ठेवायची आणि दुकान पूर्ण वेळ उघडायचं, हे मी ठरवलं. त्यासाठी लगेच हाती येतील असे पैसे घरात एकच होते.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भिंडहून येऊन पाय धूत होता.

"आईला ते विचारू नको यार," तो म्हणाला.

"मग तुम्ही विचारा."

"मी कसं विचारू? तिला वाटेल, पोरगा माझ्या तेराव्याचे पैसे खायला बसलाय."

"ठीक आहे. सून खाते आहे असं वाटू दे."

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना विचारलं. आडवळण घेतलं नाही. रात्रीच्या बाईला किती पडतात, दुकानाचं काय होतंय, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही."

"का?"

"मेल्यावर लोकांना काय तोंड दाखवू?"

"आई, मेल्यावर तोंड दाखवायचं नसतं."

"मला नसतं. तुला असतं. लोक म्हणतील, सुनेने उरकून टाकलं."

"म्हणू देत."

"म्हणू देत कसं? भर बाजारात दुकान आहे तुझं. त्याच बायका उद्या औषधं घ्यायला येणार."

त्यांच्या बाजूने मुद्दा बरोबर होता. मी एवढंच म्हटलं, की सोमवारपासून मी दुकान पूर्ण वेळ उघडणार आहे. जे होईल ते होईल.

"उघड," त्या म्हणाल्या. "तुला कोणी धरलंय?"

सोमवारी उघडलं. दिवसा बाई होती, रात्री मी होते, मधल्या वेळात मी झोपत होते असं म्हणता येणार नाही. तसे काही दिवस गेले. मग बाईच्या भावाचं मुरैन्याला लग्न निघालं आणि ती रजेवर गेली. त्या दुपारी मी दुकान बंद करून घरी आले, शेजारच्या काकूंना हाताशी घेतलं आणि सासूबाईंना खुर्चीवरून पलंगावर घ्यायला लागले. काकू सत्तरीच्या. त्यांचा हात सुटला, माझा एकटीचा पुरला नाही, आणि सासूबाई माझ्या अंगावरून सरकत खाली बसल्या. लागलं नाही. पण उठवता येईना. आम्ही दोघींनी सगळे प्रकार करून पाहिले. फरशी थंडगार होती.

आमचं घर दौलतगंजमध्ये पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली कापडाचं दुकान. मी गॅलरीतून हाक मारली. गठ्ठे उचलणारे दोघे हमाल वर आले. चपला बाहेर काढल्या, एकाने पाठीमागून धरलं, दुसऱ्याने गुडघ्यांखालून. "घबराओ मत माताजी, कुछ नहीं हुआ," म्हणत अलगद उचलून पलंगावर ठेवलं. सासूबाईंच्या लुगड्याचा सगळा घोळ झाला होता, परकर गुडघ्यापर्यंत आला होता. मी चादर टाकली, तोवर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. ते दोघे खाली मान घालून निघून गेले. शेजारच्या काकूंनी मात्र संध्याकाळपर्यंत अख्ख्या जिन्यात ही गोष्ट सांगितली असणार. त्यांचा स्वभाव मला माहीत आहे, आणि सासूबाईंना माझ्याहून जास्त.

रात्री त्यांनी एकच विचारलं. "खालच्यांना चहा दिलास का?"

"दिला."

सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. त्या एकदम म्हणाल्या, "जिलबी काढून टाक."

"कशातून?"

"तेराव्यातून, आणखी कशातून? हल्ली सगळ्यांना शुगर. कोण खातं जिलबी?"

मी फणी खाली ठेवली नाही. वेणी घालत घालतच विचारलं, "मग गोड काय करायचं?"

"शिरा. पण साजूक तुपातला. तुपात चलाखी केलेली मला चालायची नाही."

"आणि माणसं?"

"घरची आणि बाहेरगावचे पाहुणे. सगळ्या लष्कराला बोलावणं नको. मी ज्यांच्याकडे जेवले त्यांतली निम्मी घरं आता कुलपात आहेत."

"पितळी तांबे?"

"स्टीलचे दे." जरा थांबल्या. "नको. स्टीलचे दिलेले दिसतात. देऊच नकोस काही."

"प्रयागला गाडी करून जायचं म्हणाला होतात."

"रेल्वेने ने. पण मांडीवर ठेव. वरच्या बर्थवर सामानात फेकलंस तर याद राख."

"गुरुजींची दक्षिणा?"

"ती पूर्ण द्यायची. त्यात भाव करायचा नाही."

"आणि पलंग?"

याला वेळ लागला. मी वेणी बांधून संपवली, समोर येऊन बसले. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"ह्यांच्या नावाने दिलेला पलंग गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी विकला," त्या म्हणाल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. बोलले नाही."

"त्यांच्या घरात जागा नसेल."

"तेच म्हणते मी. ज्याला ठेवायला जागा नाही त्याला पलंग कशाला? त्यापेक्षा मीच झोपते. तो दवाखान्यात होता ना, हँडल फिरवलं की पाठ वर येते, तसला आण."

"आणि तरी दक्षिणा पूर्ण?"

"पलंग विकला म्हणून काय झालं? मंत्र नीट म्हणतात."

त्या सकाळी मी दुकान उशिरा उघडलं, पण शेवटचं उशिरा. एफडी मोडायचा अर्ज त्यांनी पलंगावर बसून सही करून दिला. त्यांच्या अटीप्रमाणे थोडे पैसे वेगळे काढून पुन्हा ठेवले, शिरा, रेल्वे आणि दक्षिणा एवढ्यांपुरते. बाकीचे घरखर्चाच्या खात्यात न मिसळता वेगळ्या खात्यात टाकले आणि त्यातून फक्त त्यांच्यावर खर्च करायचा असं ठरवलं. बँकेत अर्ज देऊन आल्यावर नवऱ्याने तीनदा विचारलं, आई रागावली नाही ना. मी म्हटलं, आत जाऊन विचारा. तो गेला नाही.

ताईंचा फोन आला. त्या माझ्यावर चिडल्या होत्या, आवाज स्पीकरशिवाय खोलीभर ऐकू येत होता. सासूबाईंनी हात पुढे करून फोन मागून घेतला.

"हे बघ, मी सांगितलं म्हणून केलंय. तुला जिलबी खायचीच असेल तर इंदूरला खा. तिथे चांगली मिळते."

रात्रीची बाई आली. धिप्पाड, कमी बोलणारी, "अम्मा, करवट लो" म्हटलं की कूस बदलूनच थांबणारी. पहिल्या आठवड्यात सासूबाईंची रोज तक्रार.

"ती घोरते."

"तुम्हीही घोरता."

"मी माझ्या घरात घोरते."

पण पाठीवर जो लाल चट्टा उठायला लागला होता तो गेला, आणि मी झोपू लागले. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. दुकान सकाळी वेळेवर आणि रात्री वेळेवर. गेलेल्या गिऱ्हाइकांपैकी काही परत आली, काही नाही आली.

तो हँडलचा पलंग विकत घेताना व्यापाऱ्याने सांगितलं, की लोक असे पलंग घेतात आणि काम झालं की अर्ध्या किमतीत विकायला येतात. मी परत येताना विचार केला आणि आणखी दोन घेतले, वापरलेले. मग व्हीलचेअर, वॉकर, हवेच्या गाद्या. दुकानामागच्या गोदामात जागा होती. आता मी हे सगळं महिन्याच्या भाड्याने देते. अनामत घेते, परत आल्यावर धुऊन, फिनाइलने पुसून ठेवते. त्या भाड्यातून रात्रीच्या बाईचा पगार पूर्ण नाही, पण बराचसा निघतो. सासूबाईंचे पैसे त्यामुळे हळू संपत आहेत. संपणार आहेतच. तेव्हा दुकान आहे.

यानंतर मी आमच्या दोघांच्या पाळीकडे वळले. मुरारच्या बाजूला नवऱ्याने फार पूर्वी एक प्लॉट घेऊन ठेवला होता, मुलासाठी. मुलगा तिथे राहायला येणार नाही हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, पण कोणी म्हणत नव्हतं. मी म्हटलं. प्लॉट विकायचा, पैसे बँकेत टाकायचे, आणि ते आमच्या अंथरुणाचे पैसे म्हणून ठेवायचे. परदेशवारीला नाही, गाडीला नाही, नातवंडांच्या बारशालाही नाही. नवरा म्हणाला, आधी पोराला विचार. मी म्हटलं, विचारणार नाही, सांगणार आहे.

"आई, तुम लोग ऐसा क्यों सोच रहे हो?" मुलगा फोनवर म्हणाला. "मी आहे ना."

"आहेस. रजा किती मिळते तुला?"

"आई!"

"तू येशील, डॉक्टरशी बोलशील, जवळ बसशील. ते तुलाच करायचं आहे, त्याला आम्ही दुसरा माणूस ठेवणार नाही. पण उचलायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो. तो आम्ही ठेवून जातो आहोत."

तो म्हणाला, "ठीक आहे. पण मग प्लॉटचा भाव नीट काढा. बाबांना सोडू नको एकट्याला ब्रोकरकडे." त्याला व्यवहार कळतो. माझ्यावर गेलाय. दोन दिवसांनी सुनेचा मेसेज आला, की हेच जरा माझ्या आईबाबांनाही फोन करून सांगाल का, आमचं ऐकत नाहीत. मी सांगितलं. तेही ऐकत नाहीत, पण प्लॉट मात्र आमचा विकला गेला.

गेल्या महिन्यात ताई पुन्हा आल्या होत्या. पहिल्या रात्री त्यांनी दारात उभं राहून बाई आईला कशी वळवते ते पाहिलं. सकाळी मी निघाले तर म्हणाल्या, मीही येते दुकानात, घरात कंटाळा येतो. स्टुलावर बसून राहिल्या. गिऱ्हाइकांची गर्दी जरा कमी झाली तशी विचारलं, "अगं, आईचा आहे तसला पलंग इंदूरला मिळेल का गं? ह्यांना आता रात्री उठवत नाही."

"मिळेल. पण पलंग शेवटी घ्यायचा. आधी मला सांगा, तुमच्या दोघांच्या नावावर मोकळे पैसे किती आहेत?"

"असं भर दुकानात सांगू?"

"इथे सगळे हेच सांगायला येतात."

त्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी स्टूल काउंटरजवळ ओढलं आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. मध्येच एक माणूस हवेच्या गादीची चौकशी करायला आला, म्हणून त्यांना थांबायला सांगून मी त्याला भाडं सांगितलं.